महाकाय जातीचा ससा घरी आणावा का? कॉन्टिनेन्टल आणि फ्लेमिश जायंटविषयी मार्गदर्शन हवे

मैत्रेयी_रेडिंग

सर्वांना नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे भाड्याच्या घरात राहतो. मुलगी १० वर्षांची आहे आणि मुलगा ७ वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यात एका कृषी प्रदर्शनात मुलांनी कॉन्टिनेन्टल जायंट जातीचा ससा पाहिला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे कुत्रा पाळणे आम्हाला त्या प्राण्यावर अन्यायाचे वाटते. मोठ्या जातीचे ससे स्वभावाने शांत असतात आणि मुलांना लवकर सरावतात, असे अनेकांकडून ऐकले आहे. तळमजल्यावरची एक खोली जवळजवळ रिकामी आहे आणि मागे लहानशी बाग आहे.

तासाभराच्या अंतरावर एका पैदासकाराकडे पिल्ले आहेत व तो आठवडाभरात उत्तर मागतो आहे. पिल्लू निवडताना काय पाहावे, एवढा मोठा ससा घरात नेमका कसा ठेवावा, आणि मुलांच्या दृष्टीने तो खरोखर योग्य आहे का, हे ज्यांनी असे ससे पाळले आहेत त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे. खर्चाची कल्पनाही दिलीत तर आभारी राहीन.

गेंटकर

मैत्रेयीताई, मी बेल्जियममध्ये गेंट शहराजवळ राहतो, म्हणजे फ्लेमिश जायंटच्या माहेरीच. या जातीची लिखित मानके १८९३ साली ठरली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ इथले शेतकरी हे ससे मांसासाठी आणि कातडीसाठी वाढवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अमेरिकेत नेले गेले, तेही तिथल्या मांसाच्या सशांचा आकार वाढावा म्हणून. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की या प्राण्याची निवड पिढ्यानपिढ्या वजनासाठी झाली आहे, दीर्घायुष्यासाठी झालेली नाही. पुढे ज्या आजारांची चर्चा होईल त्यांतील बऱ्याचशांचे मूळ इथे आहे.

अमेरिकन मानकानुसार प्रौढ फ्लेमिश नर किमान ५.९ किलोचा आणि मादी किमान ६.४ किलोची असावी लागते. कमाल मर्यादा नाही. तुम्ही पाहिलेले कॉन्टिनेन्टल याच युरोपीय वंशातले असून ७ किलो वा त्याहून अधिक वजनाचे प्राणी विरळ नाहीत. २०१० साली गिनेस पुस्तकात नोंद झालेला डॅरियस नावाचा इंग्लंडमधला ससा १२९ सेंटिमीटर लांब होता. प्रत्येक पिल्लू तेवढे होत नाही, हे मात्र मुलांना आधीच सांगावे. वृत्तपत्रांतली छायाचित्रे ससा कॅमेऱ्याजवळ धरून काढलेली असतात आणि त्यात तो आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो.

उत्तरा_मिशिगन

मी अनेक वर्षे फ्लेमिश जायंट पाळते आहे, आणि सध्या घरात एक नर व एक मादी अशी जोडी आहे, दोघांचेही निर्बीजीकरण झालेले. मैत्रेयी, तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलणार आहे. पिल्लू कसे निवडावे हा प्रश्न नंतरचा आहे. आधी त्या रिकाम्या खोलीची फरशी कशाची आहे ते सांगा.

हा प्रश्न विचित्र वाटेल, परंतु मोठ्या सशाचे सुखदुःख बऱ्याच अंशी जमिनीवर अवलंबून असते. सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त दाट केस असतात. सात किलोचे वजन त्या केसांवर आणि त्याखालच्या पातळ कातडीवर येते. गुळगुळीत लाकडी किंवा टाइल्सच्या जमिनीवर ससा घसरतो, पाय फाकवून चालू लागतो आणि पुढे त्याचे सांधे दुखतात. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात टाचांवरचे केस झिजून तिथे जखमा होतात, आणि त्या जखमा एकदा हाडापर्यंत पोहोचल्या की बऱ्या होणे अतिशय कठीण असते. त्यामुळे खोलीभर न घसरणारी सतरंजी किंवा रबराची चटई आणि त्यावर धुता येतील अशी जाड पांघरुणे, एवढी तयारी ससा येण्यापूर्वी झालेली असावी. बाजारात मिळणारा सशाचा लाकडी खुराडा यांच्यासाठी घेऊच नये. त्यात तो धड लांब पसरूही शकत नाही. आम्ही सर्वांत मोठ्या आकाराचा कुत्र्याचा पिंजरा दार कायम उघडे ठेवून झोपण्याची जागा म्हणून वापरतो आणि बाकी सारी खोली त्यांची आहे.

शौचाची सवय त्यांना लहान सशांइतकीच सहज लागते, विशेषतः निर्बीजीकरणानंतर. मात्र दुकानातला सशाचा ट्रे उपयोगाचा नाही. पलंगाखाली ठेवतात तसला प्लास्टिकचा रुंद, उथळ खोका घ्यावा, त्यात कागदाच्या किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोळ्या पसराव्यात आणि एका बाजूला गवताचा ढीग ठेवावा, कारण ससा खाता खाताच शौच करतो. मांजरासाठीची गुठळ्या होणारी वाळू कधीही वापरू नये. ती पोटात गेली तर आतड्यात अडकते.

आता खाणे. प्रौढ सशाच्या आहारात वाळलेले गवत सर्वांत जास्त असावे आणि ते दिवसभर, रात्रभर समोर असावे. दात आयुष्यभर वाढत असतात व गवत चघळण्यानेच झिजतात. आतडीही त्या तंतूंवरच चालतात. पिल्लू ६ ते ७ महिन्यांचे होईपर्यंत अल्फाल्फा (लसूणघास) आणि वाढत्या पिल्लांसाठीच्या खाद्याच्या गोळ्या भरपूर देता येतात, कारण या जातींची वाढ दीड वर्षापर्यंत चालू असते. त्यानंतर हळूहळू टिमोथी नावाच्या किंवा कुरणाच्या गवतावर यावे आणि गोळ्या मोजून द्याव्यात. मोठा प्राणी म्हणून वाडगाभर गोळ्या ओतणारी माणसे प्रेमानेच तसे करतात, परंतु लठ्ठ महाकाय ससा स्वतःचे मागचे अंग स्वच्छ करू शकत नाही आणि बाकीचे सारे आजार तिथून सुरू होतात. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात द्यावे. एवढ्या अंगाच्या सशाला रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागू शकते आणि बाटलीच्या नळीतून तेवढे पिणे त्याला त्रासाचे होते.

मुलांबद्दल मोकळेपणाने लिहिते. हे ससे शांत असतात हे खरे आहे. माझा नर पाहुण्यांच्या पायाशी येऊन आडवा होतो. तरीही ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे आणि त्याला जमिनीवरून उचलले की शिकारी प्राण्याने पकडल्यासारखे वाटते. तो मागच्या पायांनी जोरात झटका देतो. आधार नीट नसेल तर त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. लहान सशाच्या बाबतीत मुलांना समजावत राहावे लागते, इथे निदान सात वर्षांच्या मुलाला तो उचलताच येत नाही, आणि मला ही या जातीची मोठी जमेची बाजू वाटते. तुमच्या मुलांसाठी एकच नियम पुरेसा आहे: सशाशी भेट जमिनीवर बसूनच करायची, आणि तो उठून गेला तर त्याच्या मागे जायचे नाही. मुलगी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन रोज त्याच वेळी शांत बसू लागली की काही आठवड्यांत तो तिच्या मांडीवर पुढचे पाय ठेवील.

आणखी एक. ससा एकटा ठेवू नये. तुम्ही दोघे दिवसभर कामावर असताना त्याला दुसऱ्या सशाची सोबत लागते. म्हणजे तुम्हाला एका सशाचा नाही, दोन सशांचा विचार करायचा आहे.

लीड्सची_अश्विनी

उत्तराताईंच्या मताशी पूर्ण सहमत आहे. इंग्लंडपुरती थोडी भर घालते. इथल्या रॅबिट वेल्फेअर असोसिएशनने सशांच्या जोडीसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सांगितली आहे, आणि ती दिवसरात्र उपलब्ध असावी असा त्यांचा आग्रह आहे. हे माप सामान्य सशांचे आहे. कॉन्टिनेन्टलसाठी त्याहून मोठी व उंच जागा धरा.

लसीकरण दरवर्षी चुकवायचे नाही. मिक्सोमॅटोसिस हा रोग इथे १९५३ पासून आहे आणि डास-पिसवांमार्फत पसरतो. रक्तस्रावी रोगाचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये प्रथम आढळला. त्याचे विषाणू बुटांच्या तळाला किंवा गवताला लागून घरात येऊ शकतात, म्हणून घरात राहणाऱ्या सशालाही लस हवीच. आता मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोगाचे दोन्ही प्रकार या तिन्हींवर मिळून एकच वार्षिक लस मिळते.

उन्हाळ्यात दिवसातून दोनदा शेपटीखालचा भाग तपासा. ओल्या किंवा मळलेल्या केसांत माशा अंडी घालतात आणि काही तासांत अळ्या कातडीत शिरतात. मोठ्या, जाड सशांना हा धोका अधिक असतो. त्यावर प्रतिबंधक औषध व्हेटकडे मिळते.

पशुवैद्य_पुणे

मी पुण्यात छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवतो. तिथल्या लसींविषयी अश्विनीताईंनी योग्य लिहिले आहे. मी वैद्यकीय बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण विकत घेण्याच्या उत्साहात ती बहुधा मागे पडते.

महाकाय जातींचे आयुष्य लहान जातींपेक्षा कमी असते. चांगली निगा राखलेला बुटका ससा १० वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकतो. महाकाय ससा साधारण ५ ते ८ वर्षे. हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याचा विकार आणि मणक्यांची झीज हे या जातींत वारंवार दिसणारे प्रश्न आहेत. पापणी आत वळून डोळ्याला केस घासण्याचा दोषही आढळतो. तुमचा मुलगा आज ७ वर्षांचा आहे, म्हणजे सशाचे म्हातारपण तो शाळेत असतानाच पाहणार आहे. घरात त्याविषयी आधी बोलणे झालेले असावे, असे मला मनापासून वाटते.

मादी असेल तर तिचे निर्बीजीकरण टाळू नका. निर्बीजीकरण न झालेल्या माद्यांत वय वाढेल तसे गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होत जाते. महाकाय जाती उशिरा वयात येतात, त्यामुळे शस्त्रक्रियेची वेळ तुमच्या व्हेटला प्राणी दाखवूनच ठरवावी. शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवायचे नसते. त्याला उलटी होऊ शकत नाही आणि पोट रिकामे राहिले तर आतडी थांबण्याचा धोका असतो. जो दवाखाना तुम्हाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असे सांगेल, त्याला सशांचा अनुभव किती आहे हे नम्रपणे विचारा.

दोन औषधांची नावे कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांसाठीचे फिप्रोनिल सशाला वापरू नये. अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये, त्याने आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचा नाश होऊन ससा दगावू शकतो. आणि सशाने १२ तास काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या किंवा फार बारीक झाल्या, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या दवाखान्यात जावे. हा प्राणी वेदना लपवतो. कोपऱ्यात गप्प बसलेला ससा पुष्कळदा 'आज शांत आहे' असे म्हणून सोडून दिला जातो आणि मौल्यवान वेळ निघून जातो.

समीर_नाशिक

नमस्कार. धागा वाचून माझाही प्रश्न विचारतो. इथे एका विक्रेत्याच्या जाहिरातीत 'जायंट ससा, १० किलोपर्यंत वाढतो' असे म्हणून पिल्ले विकायला आहेत. आमचे घर तळमजल्यावर आहे, अंगण आहे, आणि मळ्यातला घास रोज ताजा मिळतो. इथे असा ससा पाळणे शक्य आहे का?

पशुवैद्य_पुणे

समीर, तुम्ही विकत घेण्यापूर्वी विचारलेत याचे समाधान वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट जातीची. भारतात व्हाइट जायंट, ग्रे जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या मोठ्या जाती केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मांस आणि संशोधनासाठी सांभाळल्या. तिचे मुख्यालय राजस्थानात अविकानगरला आहे, पण दक्षिणेतले ससे ठेवण्याचे केंद्र मुद्दाम कोडाईकनालजवळ मन्नवनूरच्या थंड डोंगरात आहे. या जातींचे प्रौढ ससेही साधारण ४ ते ५ किलोंचे असतात. दुकानांत 'जायंट' म्हणून दाखवलेली पांढरी, लाल डोळ्यांची पिल्ले माझ्याकडे येतात तेव्हा ती बहुतेक वेळा न्यूझीलंड व्हाइट किंवा त्यांचा संकर असतात. ते उत्तम ससे आहेत, परंतु १० किलोंचे आश्वासन खोटे आहे. बरीचशी पिल्ले आईपासून चौथ्या आठवड्यातच तोडलेली असतात आणि घरी आल्यावर जुलाबाने मरतात. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊच नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सशाला घाम येत नाही, तो शरीरातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. १५ ते २० अंश त्याला सुखाचे असते आणि ३० च्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. जितके अंग मोठे, तितकी उष्णता बाहेर टाकणे कठीण. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो. अंगणात, पत्र्याखाली किंवा गच्चीवर महाकाय ससा ठेवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. मार्चपासून पावसापर्यंत दिवसभर वातानुकूलित खोली देण्याची आणि वीज गेल्यावरची सोय करण्याची तयारी असेल तरच मोठ्या जातीचा विचार करावा. माझे स्पष्ट मत असे आहे की नाशिक, नगर आणि त्याहूनही विदर्भ-मराठवाड्यात महाकाय जाती आणू नयेत.

तिसरी गोष्ट घासाची. आपल्याकडे ज्याला घास किंवा लसूणघास म्हणतात तोच अल्फाल्फा. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असते. वाढत्या पिल्लाला तो चालतो, प्रौढ सशाला रोज दिल्यास लघवीत चुन्यासारखा गाळ साचून मुतखडे होतात. रोजच्यासाठी हरळी आणि सावलीत वाळवलेले बारीक गवत चांगले. सोबत कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला, थोडी मेथी द्यावी. पोळी, भात, बिस्किटे, कांदा, लसूण अजिबात नको.

शेतात सापडलेला रानससा मात्र कुणीही घरी आणू नये. तो वेगळाच प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

समीर_नाशिक

डॉक्टर, मनापासून आभार. विक्रेत्याला मी आजच नकार कळवला. आमच्या ओळखीच्या एका घरी दोन सामान्य पांढरे ससे नकोसे झाले आहेत. उत्तरेकडच्या गार खोलीत त्यांना ठेवता येईल का, हे पाहून वेगळा धागा काढेन.

मैत्रेयी_रेडिंग

इतक्या आत्मीयतेने लिहिल्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. फरशी लॅमिनेटची आहे, म्हणजे गुळगुळीतच. घरमालकांना मेल केला. त्यांनी परवानगी दिली, परंतु दारांच्या चौकटी कुरतडल्या गेल्यास भरपाई द्यावी लागेल असे लिहून घेतले आहे. आणखी एक प्रश्न मनात आहे. माझ्या यजमानांचे काम पाहता तीन-चार वर्षांत आम्ही पुण्याला परत जाण्याची शक्यता आहे. तेव्हा ससे बरोबर नेता येतील का?

गेंटकर

नेता येतील असे गृहीत धरून घेऊ नका. भारतात परतणाऱ्या प्रवाशाला सामानासोबत पाळीव प्राणी आणण्याची जी सवलत आहे, ती कुत्र्या-मांजरांसाठी आहे. विमानाच्या मालकक्षातला प्रवासही या जातींना सोसवत नाही. २०१७ साली सायमन नावाचा कॉन्टिनेन्टल ससा लंडनहून शिकागोला पाठवला गेला आणि तिथे पोहोचल्यावर मरण पावला. तो जेमतेम १० महिन्यांचा होता. त्यानंतर पुण्याचा उन्हाळा आहेच.

उत्तरा_मिशिगन

हाच मुद्दा मला निर्णायक वाटतो, मैत्रेयी. तीन-चार वर्षे हा महाकाय सशाच्या आयुष्याचा अर्धा भाग आहे. पिल्लू आणलेत तर ते नेमके म्हातारे होऊ लागताना तुम्हाला त्याच्यासाठी दुसरे घर शोधावे लागेल, आणि सात किलोच्या वयस्क, आजारी सशाला घर मिळणे फार अवघड असते. इथल्या बचाव संस्थांमध्ये असे ससे मी पाहिले आहेत. पैदासकाराला या आठवड्यात नाही म्हणा. चांगला पैदासकार घाईने उत्तर मागत नाही. तो उलट तुमच्या खोलीची छायाचित्रे मागतो.

तुमच्या परिस्थितीत एक रास्त मार्ग आहे. बचाव संस्थेतून ४ ते ५ वर्षांची, आधीच एकमेकांना सरावलेली, निर्बीजीकरण झालेली जोडी दत्तक घ्या. त्यांचे उरलेले आयुष्य तुमच्या तिथल्या मुक्कामात बसते, आकार आणि स्वभाव आधीच कळलेले असतात, आणि दोन अनोळखी सशांची जुळवाजुळव करण्याचे कष्ट वाचतात.

गेंटकर

उत्तराताई, इथे माझे थोडे वेगळे मत आहे. पाच वर्षांचा महाकाय ससा म्हणजे औषधोपचाराचा काळ जवळ आलेला ससा. पहिल्यांदाच ससा पाळणाऱ्या कुटुंबाला लगेच सांधेदुखीची औषधे, क्ष-किरण तपासणी आणि हृदयाच्या चाचण्या यांतून जावे लागेल. त्यापेक्षा मध्यम जातीचे, तीन-साडेतीन किलोंचे तरुण ससे का नकोत?

लीड्सची_अश्विनी

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण मध्यम जातीचा तरुण ससा तीन-चार वर्षांनंतरही तरुणच असेल आणि त्याला मागे ठेवावेच लागेल. मी स्वतः वयस्क जोडी घेतली होती. खर्च गवतावर होत नाही, तो शेतकऱ्याकडून मोठी गासडी आणली की आटोक्यात राहतो. खर्च व्हेटवर होतो. विमा घ्यायचा तर आधीपासून असलेल्या विकारांना तो लागू होत नाही, म्हणून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकणे आम्हाला अधिक सोयीचे पडले. बऱ्याच संस्था दत्तक देताना लसीकरण व निर्बीजीकरण आधीच करून देतात आणि जमले नाही तर प्राणी परत घेण्याची हमीही देतात. ती हमी लेखी मागा.

मैत्रेयी_रेडिंग

काल रात्री मुलांना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. मुलगी वयस्क जोडीला लगेच तयार झाली; मुलगा पिल्लू नाही म्हणून जरा हिरमुसला, पण चटया निवडण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. पैदासकाराला नकार कळवला. जवळच्या एका बचाव केंद्रात फ्लेमिश संकराची मादी आणि तिचा जोडीदार आहे, वय अंदाजे ५ वर्षे. शनिवारी भेटायला जातो आहोत. तिथे नेमके काय तपासावे?

उत्तरा_मिशिगन

आधी त्यांना काही वेळ नुसते चालताना पाहा. मागचे पाय ओढत असतील किंवा उडी मारण्याऐवजी सरकत असतील तर सांध्यांविषयी विचारा. नंतर कर्मचाऱ्यांना चारही तळपाय दाखवायला सांगा. टाचेवर गुलाबी, केस नसलेली गुळगुळीत जागा असेल तर घाबरू नका, पण जखम, खपली किंवा सूज असेल तर उपचार काय चालू आहेत ते लिहून घ्या. डोळ्यांतून पाणी येते का, गळ्याखालच्या वळीत ओल आहे का, शेपटीखालचे केस पिवळे पडले आहेत का, हे पाहा. पुढचे दात एकमेकांवर नीट बसतात ना, ते पाहा. दाढा फक्त व्हेटच तपासू शकतो, म्हणून शेवटची तपासणी केव्हा झाली ते विचारा. वजन व लसीच्या तारखा लेखी घ्या.

दोघांना एकत्र, एकाच पिंजऱ्यातून आणा. घरी येताना ते सध्या जे गवत आणि ज्या गोळ्या खातात त्याची आठवडाभर पुरेल एवढी पिशवी केंद्राकडून मागून घ्या, आणि नवे खाद्य त्यात रोज थोडे थोडे मिसळत जा. पहिल्या रात्री खोलीत कुणी जाऊ नये. सकाळी ट्रेमधल्या लेंड्या मोजायची गरज नाही, पण त्या गोल, मोठ्या आणि पुरेशा आहेत ना, हे मात्र मुलीला बघायला सांगा.